पिवळी कॅसेट

आज आर्वीले बियाण्याचं पाहाले गेलो होतो अन् घरी आलो तीन व्हिडिओ गेमच्या कॅसेटी घेऊन 😄 भंगारवाल्याच्या पोत्यात कूलरच्या मोटरीखाली दबून होत्या, त्यात एक पिवळी, '९९९९९९९ इन १' वाली. चाळीसात तिन्ही. बायको म्हणे बियाणं कुठं हाय, आता काय सांगू बाप्पा.

खोलून पाहिली तर आत नुसता काळा टिपका, चिप त्याच्याखालीच राहते, डुप्लिकेट मालात असंच. पण पिना ६०, म्हंजे १९८३ च्या जपानी फॅमिकॉमच्याच (निन्टेंडोचं टीव्हीले जोडाचं गेम मशीन) मापाच्या, त्या मशीनमंधे नकली कॅसेट अडवणारी चिपच नव्हती म्हणून तर हा धंदा एवढा फोफावला, त्याच मशीनच्या अमेरिकेतल्या अवताराले, एनईएसले, मात्र ७२ पिना अन् वरून लॉक चिप. गेम म्हणाल तर मोजकेच, तेच तेच नाव बदलून. लोक ओरिजिनल जमवतात, मले नकलीच आवडते, आमच्या गावात ओरिजिनल पाहिली कोणं?

फुंक मारली, नाही चालली. खोडरबरनं पिना घासल्या, मारिओ दिसला, अन् तेवढ्यात लाईन गेली. पोट्टं म्हणे, बाबा याले चार्जिंग नाही का?