पाठीमागून येणारा पाऊस

गोव्यात पाऊस म्हटलं की मान आपोआप पश्चिमेकडे वळते. समुद्र तिकडे, वारा तिकडून, ढगही तिकडूनच. जूनमध्ये मिरामारच्या वाळूत उभं राहिलं की पाण्यावरून सरकत येणारी पावसाची करडी भिंत चक्क दिसते, आणि छत्री उघडायला किंवा पळ काढायला पुरेसा वेळ मिळतो. एप्रिल-मेमधल्या वळवाचं मात्र तसं नाही. तो मागच्या दारानं येणारा पाहुणा. आपण समुद्राकडे तोंड करून घाम पुसत बसलेलो असतो आणि पाठीमागे, पूर्वेला, सत्तरी-सांग्याच्या डोंगरांवर काळोख दाटत असतो. गडगडलं की मग आपण वळून बघतो.

यात चमत्कार काही नाही. सकाळपासून जमीन तापते, समुद्रावरचा दमट वारा दुपारभर आत शिरत राहतो, सह्याद्रीला जाऊन थडकतो आणि वर चढतो. वर गेला की थंड होतो, बाष्पाचं पाणी होतं, आणि तासा-दोन तासांत दहा-बारा किलोमीटर उंचीचं ढगाचं धूड उभं राहतं. या दिवसांत उंचावरचा वारा पुष्कळदा पूर्वेकडून वाहत असतो. तो हे धूड घाटावरून खाली, आपल्या अंगावर ढकलून देतो. म्हणून वळवाची वेळ दुपारी चारपासून रात्री आठ-नऊपर्यंतची. सकाळी आभाळ इतकं निरागस असतं की कुणी पावसाचं नाव काढलं तर आपण त्याच्याकडे बघून हसावं.

आमच्या आळीतल्या काकी मात्र हसत नाहीत. मे म्हणजे पुरुमेताचे, पावसाळ्याच्या बेगमीचे दिवस. अंगणात चटईवर सोलं, शेजारच्या सुपात हरमलची मिरची, पत्र्यावर फणसाची साठं, आणि मांजरापासून जपत टांगलेले सुके बांगडे. हवामान खात्याचा पिवळा इशारा त्यांच्या मोबाइलवर येतो, पण तो वाचायच्या आधीच त्यांनी साठं उचललेली असतात. कशावरून, असं विचारलं तर म्हणतात, ‘‘साठ बोटाला चिकटायला लागली की उचलायची.’’ वरून कोरडं झालेलं साठ दुपारी एकाएकी पुन्हा ओलसर, चिकट लागायला लागलं, म्हणजे हवेतला दमटपणा वाढला. पणजीत आल्तिनोच्या टेकडीवर रडार आहे, त्याची चित्रं आता कुणालाही घरबसल्या बघता येतात, आणि तीही चांगली असतात. पण रडार फणसाची साठं उचलून आत आणत नाही.

हे सगळं डोक्यात यायला निमित्त झालं माझ्या पुण्याच्या भाच्याचं. सुट्टीत आलेल्या मुलांचा गोवा म्हणजे समुद्र. लाटांचा कंटाळा आला की मग कुणीतरी त्यांना मयेचा तलाव सुचवतं. डिचोलीपासून अगदी जवळ, चहूबाजूंना हिरव्या टेकड्या, मध्ये शांत पाणी आणि पायानं चालवायच्या होड्या. भाचा म्हणाला, ‘‘मावशी, समुद्रात तू आम्हाला गुडघ्याच्या वर जाऊ देत नाहीस. तलावात तर जाऊ देशील?’’ मी दिलं. तलावाला कोण घाबरतं?

तेच तर मला नवल वाटतं. समुद्राला घाबरायची आपल्याकडे रीतसर व्यवस्था आहे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर बंद. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्याशिवाय जुने लोक पाण्यात पाऊल घालत नसत. किनाऱ्यावर लाल बावटे, शिट्ट्या मारणारे जीवरक्षक, भरती-ओहोटीचे तक्ते. सांजावच्या सणाला, २४ जूनला, विहिरीत उड्या मारायच्या त्यासुद्धा दिवस ठरवून. तलावाला यातलं काहीच नाही. म्हणजे मयेच्या तलावावर आणि दूधसागरावर आता जीवरक्षक असतात, ते बरं झालं. पण तलावाचं पंचांग कुणी लिहिलेलं नाही. त्याला भरती नाही, गाज नाही, खारटपणा नाही. बिचारा घरचाच वाटतो.

आम्ही पोचलो तेव्हा पाणी अगदी आरशासारखं नसलं तरी सुरकुतीही नव्हती. ऊन कडक. होड्यांपाशी उभा असलेला माणूस पन्नाशीचा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. मी पोरांची डोकी मोजत होते आणि तो माझ्याकडे नव्हे, माझ्या डोक्यावरून मागे बघत होता.

‘‘बाय, आता नको. अर्धा तास बसा, चहा घ्या.’’

‘‘का हो? ऊन तर आहे.’’

‘‘ऊन आहे ते पुढे. मागे बघा.’’

मागे टेकडीच्या झाडांवर आभाळाचा रंग शिशासारखा झाला होता, आणि त्याच्या कडेला ढगाचा पांढराशुभ्र, कोबीसारखा गड्डा. दिसायला देखणा. आमच्याबरोबर रांगेत एक पर्यटक गृहस्थ होते, त्यांना हे पटेना. उन्हाकडे बोट दाखवून ते हिंदीत भांडू लागले. होडीवाल्यानं वाद घातला नाही. पाण्यात असलेल्या दोन होड्यांना शिट्टी मारून बोलावलं आणि एकेक दोर खुंट्याला बांधायला लागला. गाठ मारताना मात्र प्रत्येक दोराला त्यानं हातभर ढील ठेवली. करकचून बांधली तर लाटेबरोबर होडी वर उठत नाही, खुंट्यालाच हिसके मारते, असं त्यानं भाच्याला सांगितलं. भाचा तोवर पावसाबद्दल विसरून गाठी शिकायला बसला होता.

मग वारा आला. गार. दिवसभराच्या उकाड्यानंतर असा की सगळ्यांच्या तोंडून एकदमच ‘आहा’ निघालं. भांडणारे गृहस्थसुद्धा हात पसरून उभे राहिले. खरी मेख या वाऱ्यात आहे. तो पावसाच्या आधीचा निरोप्या वगैरे नसतो. ढगातून पावसाबरोबर खाली कोसळलेली थंड हवा जमिनीवर आपटते आणि चहूकडे पसरते, तीच ही. पाऊस अजून दोन टेकड्यांपलीकडे असला तरी ही पुढे धावते. म्हणजे आपल्याला ज्या क्षणी बरं वाटायला लागतं, त्याच्या आधीच होडी काठाला लागलेली हवी. तो वारा सुखावतो म्हणून माणसं पाण्यातच रेंगाळतात.

पुढची पाच-दहा मिनिटं मी तलावाचं पाणी बघत होते. समुद्राची लाट लांबून येते. दोन लाटांमध्ये अंतर असतं, होडीला सावरायला वेळ मिळतो. तलावातल्या लाटेला धावायला जागाच नसते. त्यामुळे ती बुटकी, उभी आणि एकीला एक खेटून येते. होडीचं नाक पहिलीवरून उतरतंय तोवर दुसरी हजर. त्यात या पायानं चालवायच्या होड्या पसरट बुडाच्या, पाण्यावर उंच तरंगणाऱ्या. हंसाची मान लावलेली असली तर ती मान वाऱ्याला आयतीच सापडते. आत बसलेल्यांनी कितीही पाय मारले तरी होडी जायची तिकडेच जाते. अशा वेळी घाबरून एक जण उभा राहतो, त्याला धरायला दुसरा उठतो, आणि पुढचं सांगायला नको. खाली बसून राहावं, लाइफ जॅकेटचे पट्टे सैल असले तर आवळावेत, आणि मदत येईपर्यंत होडी सोडू नये. पट्टे खुले टाकून नुसतं अंगावर घेतलेलं जॅकेट पाण्यात पडल्यावर डोक्यावरून निघून जातं. फोटोत ते छान दिसतं, एवढाच त्याचा उपयोग.

आणि वीज. मोकळ्या पाण्यावर सगळ्यात उंच वस्तू म्हणजे आपलं डोकं. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजायचे आणि तीननं भागायचं, तितके किलोमीटर ती लांब. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर ती दहा किलोमीटरच्या आतली, आणि तेव्हा पाण्यावरच काय, उघड्यावरही थांबू नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी आडोसा सोडू नये. भाच्यानं पहिल्यांदा मोजले ते अठरा भरले. दुसऱ्यांदा मोजायला सुरुवात करायच्या आतच कडाडलं. मग कुणी मोजलं नाही.

मये म्हणजे तसा लहान तलाव. खरा मोठा पसारा बघायचा तर सांग्यातलं साळावली. धरणाची भिंत ४२.५ मीटर उंच आणि साधारण किलोमीटरभर लांब, साठा सुमारे २३४ दशलक्ष घनमीटर. दक्षिण गोव्यातल्या कितीतरी नळांचं पाणी इथलं. वाऱ्याला मोकळं पाणी जितकं लांब मिळेल तितकी लाट मोठी, त्यामुळे भरलेल्या साळावलीवर वारा सुटला की धरणाच्या दगडांवर चक्क समुद्रासारखा चुबूक-चुबूक आवाज येतो. मेमध्ये मात्र हाच जलाशय इतका आटतो की पोटातलं कुर्डी गाव वर येतं. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचा जन्म १९०४ सालचा, याच गावातला. चिऱ्यांच्या भिंतींचे चौथरे, झाडांचे काळे बुंधे, सोमेश्वराचं देऊळ. विस्थापित झालेली कुटुंबं मेमध्ये तिथे उत्सवाला जमतात, ख्रिस्ती कुटुंबं आपल्या कपेलाचं, म्हणजे छोट्या चर्चचं, फेस्त करतात. गावातलं कदंबकालीन महादेवाचं देऊळ तेवढं पाणी चढायच्या आधी दगड न् दगड उचलून धरणाजवळ नेऊन उभं केलं.

तिथे अलीकडे हौशी मंडळीही फार जातात. गाड्या थेट तलावाच्या पोटात उतरवतात. दुपारी उतरलेल्या गाड्यांना मी नेहमी मनात हात जोडते. भेगाळलेल्या मातीवर एक जोरदार सर पडली की तिचा असा चिकट लगदा होतो, की चाक फिरतं, गाडी हलत नाही. आणि वीज चमकायला लागली तर त्या उघड्या माळावर आडोसा शोधायचा कुठे? एवढा मोठा तलाव, त्यात पाणी नाही, तरीही तिथली दुपार पाण्यातल्या दुपारइतकीच बेभरवशाची.

पुराची भीती मात्र वळवात तलावाला नसते. शहराला असते. गटारं तुंबली की अर्ध्या तासाच्या पावसात पणजीचा अठरा जून मार्ग नदीला लाजवतो. तलाव तेवढंच पाणी न बोलता पिऊन टाकतो, पातळी बोटभरही हलत नाही. तोच पाऊस, त्याच मापाचा, ऑगस्टमध्ये पडला की गोष्ट वेगळी. तेव्हा तलाव तुडुंब असतो, आलेलं पाणी आलं तसंच खाली जातं. साळावलीचा बदकाच्या चोचीच्या आकाराचा सांडवा भरला की पाणी त्या खोल तोंडात आपणहून कोसळतं, आणि पुढल्या सकाळी तो फोटो सगळ्या वर्तमानपत्रांत. तिळारी धरणाचं पाणी सोडलं की डिचोली तालुक्यातल्या साळ गावची झोप उडते. साखळीच्या बाजारातले लोक जुलैमध्ये वाळवंटी नदीची पातळी विचारत विचारतच दुकानं उघडतात. २०२१ च्या जुलैत म्हादई नदीच्या खोऱ्यात पुरानं काय झालं ते सत्तरीत कुणालाही विचारा. म्हणजे मेमध्ये तलाव रिकामा म्हणून पूर नाही, पण वारा आणि वीज आहे. ऑगस्टमध्ये वीज कमी, पण पोट भरलेलं. समुद्रासारखी एकच बंदी तलावाला लावून भागणार नाही ते यामुळे. त्याचे दोन हंगाम आहेत आणि दोन्हींची भीती वेगवेगळी आहे.

त्यातही आता तारखांचा भरवसा राहिलेला नाही. २०२५ मध्ये मान्सून केरळात २४ मे रोजीच उतरला, आणि मे संपायच्या आत गोव्यात पोचलाही. वळीव कधी संपला आणि मान्सून कधी लागला ते कळायलाच मार्ग नव्हता. ट्रॉलरवाल्यांची बंदी कागदावर १ जूनलाच सुरू झाली, पण होड्या आधीच धक्क्याला लागल्या होत्या.

मयेला त्या दिवशी पोरांना होडी मिळाली नाही. मिळाली ती भजी आणि दोराची एक गाठ, जी भाचा अजून बुटाच्या नाडीला मारतो. जुलैत त्यानं पुण्याहून साळावलीच्या सांडव्याचा फोटो पाठवला आणि विचारलं, ‘‘मावशी, इथे बोटिंग असतं का?’’ मी लिहिलं, इथे काठावरून बघतात. होडीत बसायचं तर पुढच्या मेमध्ये ये, मयेला जाऊ, पण सकाळी. त्यावर लगेच उत्तर आलं, ‘‘सकाळी म्हणजे? अकरा चालतील ना?’’