पिनकोडातलं सातवं अक्षर

सांगलीचा पिनकोड ४१६४१६. एकदा ऐकला की विसरायचा म्हटलं तरी विसरत नाही. आणि माझी स्क्रिप्ट म्हणत होती, असा पिनकोड यादीतच नाही.

औषधांच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे मी हिशेब बघतो, आणि कुणीच नाही म्हणून कॉम्प्युटरही. कपाटामागे ठेवलेला एक जुना पीसी लिनक्सवर चालतो, त्यालाच आम्ही सर्व्हर म्हणतो. ऑर्डरींची सीएसव्ही फाइल (साध्या मजकुरातला तक्ता) तिथं येते, शेवटच्या रकान्यातला पिनकोड बघून बॅश स्क्रिप्ट, म्हणजे लिनक्सच्या हुकमांची एक फाइल, कुठला माल कुठल्या गाडीत जाणार ते ठरवते. चार वर्षं बिनबोभाट चालू होतं.

मग ऑफिसात नवा मुलगा आला. हुशार आहे. त्यानं आपल्या विंडोज लॅपटॉपवर गिटमधून (फाइलींच्या जुन्या-नव्या आवृत्त्या सांभाळणारा प्रोग्रॅम) स्क्रिप्ट उतरवली, गाडीचा एक रूट वाढवला आणि फाइल थेट सर्व्हरवर टाकली. चालवली तर ‘बॅड इंटरप्रीटर’, आणि बॅशच्या नावाला चिकटलेलं एक टोपी घातलेलं एम (^M). हे मला ओळखीचं होतं. विंडोज ओळ संपवताना दोन अक्षरं लिहितं, सीआर आणि एलएफ, म्हणजे क्रमांक १३ आणि १० ची अक्षरं. लिनक्सला नुसतं एलएफ पुरतं. उरलेलं सीआर त्याला नावाचाच भाग वाटतं. एम हे इंग्रजी वर्णमालेतलं तेरावं अक्षर, म्हणून कंट्रोल-एम. गिट विंडोजवर बसवताना पुढं-पुढं करत गेलं, की फाइली उतरवताना तेच सीआर घालून देतं. ही सीआर काढून टाकणारं ‘डॉस-टू-युनिक्स’ चालवलं, स्क्रिप्ट सुरू झाली, मी चहाला गेलो.

परत येतो तर एकाही ऑर्डरीला गाडी नाही. एररचा संदेशही अर्धाच दिसत होता. मी कंसात पिनकोड छापून पुढं ‘नॉट फाउंड’ लिहिलं होतं. स्क्रीनवर ओळ सुरू होत होती ती थेट बंद होणाऱ्या कंसापासून. आधीचे शब्द, पिनकोड, सगळं गायब. अर्धा तास मी कंसच तपासत बसलो. शेवटी पिनकोडची लांबी छापली. ७ आली!

सातवं अक्षर सीआर. पठ्ठ्यानं सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून दोन नावं दुरुस्त केली होती आणि सेव्ह केली होती. एक्सेलनं प्रत्येक ओळीला सीआर-एलएफ लावलं, त्यातलं सीआर शेवटच्या रकान्याला चिकटलं. आणि संदेश का खाल्ला जात होता, तेही तेव्हा कळलं. सीआर म्हणजे कॅरेज रिटर्न, गाडा मागे. टर्मिनल तो हुकूम आजही इमानानं पाळतं: कर्सर ओळीच्या सुरुवातीला नेतं आणि उरलेलं आधीच्या अक्षरांवर छापतं. माझी आई मिरजेत टायपिंग शिकली. ओळ संपत आली की घंटी, मग डाव्या हातानं दांडा ढकलायचा. त्या एका ढकलण्यात कागद वर सरकतो आणि गाडा मागे येतो. तारेवरून आलेला मजकूर छापणाऱ्या टेलिटाइप यंत्रांत या दोन कामांना दोन वेगळे हुकूम होते: गाडा मागे म्हणजे सीआर, कागद वर म्हणजे एलएफ, लाइन फीड. गाडा मागे यायला वेळ लागायचा, म्हणून सीआर आधी पाठवायचं. ती जोडी सीपी/एम या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवरून डॉसमध्ये आणि तिथून विंडोजमध्ये आली. लिनक्सचा पूर्वज युनिक्स, त्यानं एकट्या एलएफवर भागवलं. जुन्या मॅकनं तर नुसतं सीआर घेतलं होतं.

इथं थांबलो असतो तर बरं होतं. पण मी चिडलो होतो. म्हटलं, या घरात एकही सीआर ठेवायचं नाही, आणि फोल्डरमधल्या झाडून सगळ्या फाइलींवर ‘सेड’, म्हणजे मजकूर बदलणारा लिनक्सचा हुकूम, फिरवला. संध्याकाळी बिलावरचा लोगो छापेना. त्या चित्राची पीएनजी फाइल उघडेचना.

खरं तर ती फाइल माझ्यासारख्यांसाठीच तशी बनवलेली आहे. पीएनजीच्या पहिल्या आठ बाइटांत १३ आणि १० ही जोडी मुद्दाम ठेवलेली असते. वाटेत कुणी चित्राला मजकूर समजून ओळींची टोकं बदलली, तर ही खूण मोडते आणि वाचणारा प्रोग्रॅम फाइल नाकारतो. ‘डॉस-टू-युनिक्स’ बायनरी, म्हणजे मजकूर नसलेल्या, फाइली आपणहून सोडून देतं. ‘सेड’ला असला विवेक नाही. मलाही नव्हता. लोगो गिटमधून परत आणला.

दुसऱ्या दिवशी डोकं ठिकाणावर ठेवून ‘गिटअ‍ॅट्रिब्यूट्स’ फाइल लिहिली, कुठल्या फाइलीला कसं वागवायचं हे गिटला सांगणारी. मजकुराच्या फाइली गिटनं स्वतः ओळखाव्यात, शेल स्क्रिप्टना कायम एलएफ, बॅच फाइलींना सीआर-एलएफ, पीएनजीला हात लावायचा नाही. हे रिपॉझिटरीतच, म्हणजे गिटच्या सामायिक साठ्यात, राहतं, त्यामुळे कुणाच्या लॅपटॉपवर काय सेटिंग आहे ते विचारावं लागत नाही. मग ‘रीनॉर्मलाइझ’ करून, म्हणजे जुन्या फाइलींना हे नियम लावून, एक वेगळा कमिट (बदलांची नोंद) केला, कारण तो खऱ्या बदलांत मिसळला असता तर एका रूटच्या दुरुस्तीला तीनशे ओळी बदललेल्या दिसल्या असत्या.

सीएसव्हीचं काय? मुलगा म्हणाला, “दादा, मी एक्सेल वापरायचं बंद करू का?”

“नको रे,” म्हटलं. ओळ वाचल्यावर शेवटी सीआर असेल तर उडवायचं, एवढी एक ओळ मी स्क्रिप्टमध्येच घातली होती. आणि एररच्या संदेशात पिनकोडशेजारी त्याची लांबीही छापतो आता.