मारियो डीलक्सचं परीक्षण: कॅसेट तपासण्यापासून निकालापर्यंत

'सुपर मारियो ब्रदर्स डीलक्स' हा १९९९ साली निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या 'गेम बॉय कलर' या छोट्या यंत्रावर आलेला खेळ. १९८५ चा मूळ मारियो, पण हातात धरून खेळायचा. त्याचं परीक्षण करायचं तर खेळायला बसण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते: तुलना कोणत्या मारियोशी करायची?

हा प्रश्न आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. इंदूरमध्ये नव्वदच्या दशकात घरोघरी जो मारियो खेळला गेला, तो बहुतेक करून निन्टेन्डोच्या यंत्रावरचा नव्हता. तो नक्कल केलेल्या 'टीव्ही गेम'वरचा होता, आणि ती यंत्रं आपल्याकडच्या 'पाल' पद्धतीच्या टीव्हीसाठी सेकंदाला ५० फ्रेम, म्हणजे ५० स्थिर चित्रं, दाखवणारी होती. मूळ खेळ जपान-अमेरिकेच्या ६० फ्रेमसाठी बांधलेला आहे आणि त्यातलं सगळं गणित फ्रेम मोजून चालतं. त्यामुळे ५० फ्रेमच्या यंत्रावर तोच मारियो सुमारे १७ टक्के संथ धावतो आणि गाण्याची लयही तेवढीच उतरते. गेम बॉय कलर मात्र सेकंदाला जवळपास ६० फ्रेम दाखवतो. लहानपणीचा हात घेऊन डीलक्स सुरू केला की मारियो उधळल्यासारखा वाटतो, उड्या चुकतात, आणि दोष नव्या आवृत्तीच्या माथी मारला जातो. खरं तर ती मूळच्या वेगाने चाललेली असते.

आपल्याकडचं जुनं यंत्र कोणत्या वेगाचं आहे ते पाहायला मी मोबाइलचं स्टॉपवॉच वापरतो. मूळ खेळात वेळेचा आकडा दर २४ फ्रेमला एकाने उतरतो. १-१ (पहिल्या जगातली पहिली लेव्हल, म्हणजे टप्पा) सुरू झाली की मारियोला आहे तिथेच उभा ठेवायचा. तो पुढे सरकेपर्यंत पहिला शत्रूही येत नाही. आकडा ४०० वरून ३०० वर यायला ४० सेकंद लागले तर यंत्र ६० फ्रेमचं, ४८ लागले तर ५० फ्रेमचं. ५० चं निघालं तर वेग, उडी आणि संगीत यांची तुलना त्याच्याशी करायची नाही. लेव्हलची रचना ताडून बघायला ते चालतं, पण तिथेही 'अमुक हजार खेळ एकात' छापाच्या कॅसेटमधला मारियो पुष्कळदा फेरफार केलेला असतो, हे ध्यानात ठेवावं.

पुढचं काम कॅसेटचं. डीलक्स फक्त कलर यंत्रावर चालतो, म्हणून त्याचं कवच पारदर्शक असतं आणि आतली सर्किटपट्टी बाहेरूनच दिसते. अस्सल कॅसेटचा स्क्रू ३.८ मिलिमीटरच्या खास पान्याचा असतो. साधा चौफुलीचा स्क्रू दिसला तर एक तर कॅसेट नकली आहे किंवा कुणीतरी ती आधी उघडली आहे. लेबलवर बारीक दाबून उठवलेला आकडा असतो. उजेडात तिरपं धरलं की तो दिसतो. नकली कॅसेटवर खेळ चालतो, पण सेव्ह (साठवलेली प्रगती) पुष्कळदा टिकत नाही, आणि डीलक्सचा अर्धा जीव सेव्हमध्ये आहे. म्हणून परीक्षणाआधी एक लेव्हल खेळून सेव्ह करायचं, यंत्र बंद करून कॅसेट काढून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी लावून बघायची.

अस्सल कॅसेटचंही सेव्ह उडतं, कारण ते आतल्या नाण्याएवढ्या सेलवर अवलंबून असतं आणि हे सेल आता पंचवीस वर्षांचे झाले आहेत. या पिढीच्या कॅसेटमध्ये सीआर १६१६ किंवा सीआर २०२५ सेल सापडतात. अंदाजाने विकत न आणता आधी कॅसेट उघडून सेलवरचा क्रमांक वाचावा. नवा सेल पत्र्याच्या पट्ट्या आधीच जोडलेला असा मागावा. इंदूरच्या जेल रोडवर, डॉलर मार्केटच्या आसपास, मोबाइलची बारीक सोल्डरिंग करणारे कारागीर आहेत. त्यांना हे काम अवघड नाही. पण सेलच्या अंगावर थेट कावीया टेकवायचा नाही, सोल्डर फक्त पट्टीला लावायचं, हे आधी सांगून ठेवावं. सेल तापला की निकामी होतो, प्रसंगी फुटतोही. जुना सेल निघाला की आतलं सगळं सेव्ह जातं, हेही गृहीत धरावं.

पावसाळ्यानंतर कॅसेट लागेनाशी होते ती बहुधा संपर्कपट्ट्यांवर चढलेल्या काळपटपणामुळे. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी जेमतेम ओली करून पट्ट्या पुसायच्या आणि पूर्ण वाळू द्यायच्या. कॅसेटमध्ये फुंकर मारायची जुनी सवय सोडावी. तोंडातला दमट वारा त्याच पट्ट्यांना गंज चढवतो.

गेम बॉय कलरच्या स्क्रीनमागे दिवा नसतो, बाहेरचा उजेड परावर्तित होऊन चित्र दिसतं. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली भुयारातल्या लेव्हल आणि किल्ले इतके अंधारे दिसतात की रंगांविषयी काही लिहिणं अन्यायाचं होईल. मी रंगांच्या नोंदी सकाळच्या उजेडात, खिडकीला पाठ करून घेतो. दोन पेन्सिल सेलपैकी एक जरी उतरत आला तरी लाल दिवा मंदावतो, तेव्हा चाचणीआधी सेल बदलावेत. गेम बॉय अॅडव्हान्स एसपी या नंतरच्या, दिवा असलेल्या यंत्रावरही हा खेळ चालतो आणि उजेडाचा प्रश्न मिटतो. फक्त एल-आर बटणांनी चित्र आडवं ताणलं जातं, ते ताणू द्यायचं नाही. त्याहून नव्या निन्टेन्डो डीएसमध्ये ही कॅसेट चालत नाही, विकणारा काहीही म्हणो.

आता मुख्य गोष्ट, स्क्रीनचा आकार. मूळ यंत्राचं चित्र २५६ बाय २४० पिक्सेलचं, गेम बॉय कलरचं १६० बाय १४४. डीलक्सच्या कर्त्यांनी मारियोला बारीक केलं नाही. विटा, पाइप, शत्रू सगळे मूळ मापाचे ठेवले आणि भोवतालचं दृश्य कापलं. १६ पिक्सेलची वीट धरली तर टीव्हीवर एका वेळी १६ विटा रुंद आणि १५ विटा उंच जग दिसतं. इथे १० रुंद आणि ९ उंच. क्षेत्रफळाने मूळच्या साडेसदतीस टक्के.

याचा हाताला जाणवणारा परिणामही मोजता येतो. धावणारा मारियो एका फ्रेममध्ये सुमारे अडीच पिक्सेल पुढे जातो. तो स्क्रीनच्या मधोमध आहे असं धरलं तर टीव्हीवर उजव्या कडेला उगवलेली वस्तू त्याच्यापर्यंत यायला सुमारे ५१ फ्रेम लागतात, म्हणजे पाऊण सेकंदाहून थोडं जास्त. हातातल्या स्क्रीनवर ३२ फ्रेम, जेमतेम अर्धा सेकंद. वस्तूच समोरून चालत येत असेल तर त्याहूनही कमी. १९८५ च्या लेव्हल पाऊण सेकंदासाठी आखलेल्या आहेत, आणि खेळाडूला अर्ध्या सेकंदात खेळावं लागतं. डीलक्सबद्दलच्या बहुतेक तक्रारींचं मूळ एवढंच.

उंचीचा तोटा वेगळ्या जागी दिसतो. १-२ मध्ये जमीन आणि विटांचं छत एकत्र दिसत नाही, त्यामुळे छतावरून वॉर्प झोनकडे (पुढच्या जगांत थेट नेणाऱ्या पाइपांकडे) जाणारी वाट नवख्याला सुचतच नाही. ४-१ मध्ये ढगावर बसलेला लाकिटू हा शत्रू दृश्याच्या वर राहतो आणि काटेरी गोळे कुठूनसे पडल्यासारखे येतात. २-३ च्या पुलावर खालून उसळणारे मासे दिसतात तेव्हा ते जवळजवळ मारियोच्या पायाशी असतात. किल्ल्यांत शेवटचा शत्रू बाउझर दिसण्याआधी उजवीकडून त्याच्या ज्वाळा येतात. त्या चुकवायला लागणारा वेळ इथे सगळ्यांत जास्त कापला गेला आहे. ४-४ आणि ७-४ या चकव्याच्या किल्ल्यांत वरची आणि खालची वाट एका नजरेत येत नाही, म्हणून कुठून गेलो आणि चक्र परत का सुरू झालं हे कळायला जास्त फेऱ्या माराव्या लागतात.

यावर उपाय म्हणून वर किंवा खाली बटण दाबून दृश्य सरकवायची सोय दिली आहे. उभं राहून चाचपडताना ती कामाची. पण धावताना अंगठा उजवीकडच्या बटणावर असतो, तो उचलला की धाव तुटते. म्हणजे ही सोय सावकाश खेळणाऱ्याची आहे.

या सगळ्याची नोंद करायला माझ्या वहीत प्रत्येक लेव्हलसमोर दोनच रकाने असतात: 'उडी चुकली' आणि 'दिसलं नाही'. जीव गेला की त्याच क्षणी थांबून कोणत्या रकान्यात खूण करायची ते ठरवायचं. नंतर आठवून केलेली खूण खोटी ठरते, कारण रागात सगळंच स्क्रीनच्या माथी जातं. संशय असेल तर मोबाइलवर २४० फ्रेमने स्लो-मोशन चित्रण करतो. खेळाची एक फ्रेम चित्रणाच्या चार फ्रेममध्ये येते, त्यामुळे शत्रू कडेला कधी उगवला आणि अंगठा कधी दाबला गेला, हे मोजता येतं. हे दोन रकाने भरले की 'कठीण आहे' असं मोघम वाक्य लिहायची गरज उरत नाही. कुठे कठीण आहे आणि कुणामुळे, हे समोर असतं.

दृश्य कापण्याऐवजी दाबायचा मार्गही होता. २००४ साली गेम बॉय अॅडव्हान्सवर मूळ मारियो पुन्हा आला तेव्हा २४० ओळींचं चित्र १६० ओळींत बसवलं गेलं. जग जवळजवळ पूर्ण दिसतं, पण मारियो बसका दिसतो आणि बारीक रेषा मोडतात. दोन्ही यंत्रं जवळ असतील तर एकच लेव्हल, ८-१ सारखी लांब उड्यांची, दोन्हींवर खेळून बघावी. पूर्ण वेगाने खेळायला मला दाबलेलं चित्र परवडतं. देखणं म्हणून डीलक्सच.

डीलक्स नुसता कापलेला मारियो असता तर परीक्षण इथेच संपलं असतं. त्यातला 'चॅलेंज' हा प्रकार हिशेब बदलतो. लेव्हल त्याच, पण प्रत्येकीत ५ लाल नाणी, योशी या डायनोसॉरचं एक लपवलेलं अंडं आणि गुणांचं एक लक्ष्य. लाल नाणी शोधायला लेव्हलचा कोपरा न् कोपरा पाहावा लागतो आणि अंडं न दिसणाऱ्या विटेत असतं. इथे धावून भागत नाही. थांबायचं, वर-खाली बघायचं, रिकाम्या वाटणाऱ्या जागी उडी मारून पाहायची. धावताना जो छोटा स्क्रीन नडतो, तोच शोधताना रंगत आणतो, कारण पलीकडे काय आहे हे खरंच माहीत नसतं. ज्यांना १-१ डोळे मिटून येते, त्यांनाही ही १-१ नवी लागते. परीक्षणात सर्वांत जास्त ओळी मी या भागाला देतो, आणि त्यासाठी सगळ्या लेव्हलची तिन्ही लक्ष्यं पुरी केल्याशिवाय लिहायला बसत नाही. पहिल्या दोन जगांवरून काढलेला निष्कर्ष फसवा असतो. तिथली नाणी सोपी आहेत.

बाकीचे दरवाजे गुणांनी उघडतात. डीलक्समधल्या १९८५ च्या मूळ खेळात १ लाख गुण झाले की बू या भुताशी शर्यत मिळते. तो भिंतींतून आरपार जातो, आपल्याला वळसा पडतो. ३ लाखांना 'सुपर प्लेयर्स' उघडतं, म्हणजे १९८६ साली जपानमध्ये डिस्कवर आलेला दुसरा मारियो. म्हणून पहिल्या खेपेला वॉर्प घेऊ नये. जगं गाळली की गुण कमी पडतात. हा दुसरा मारियो इथे पूर्ण नाही, हे परीक्षणात स्पष्ट लिहायला हवं: जग ९ आणि ए ते डी गाळले आहेत आणि उडी भरकटवणारा वाराही नाही. अधिक लांब आणि निर्दयी उड्यांचा हा खेळ अर्ध्या सेकंदाच्या दृश्यात आणखी कठोर होतो. 'दिसलं नाही'चा रकाना इथे सर्वांत भरलेला असतो. अल्बम, कॅलेंडर आणि गेम बॉय प्रिंटरवर चित्रं छापायची सोय यांना एक ओळ पुरे.

आवाज तपासताना हेडफोन लावावाच. मूळ संगीतातला खर्ज यंत्रातल्या त्रिकोणी तरंगाच्या ध्वनिवाहिनीवर वाजतो. गेम बॉयमध्ये तशी वाहिनी नाही, तिथे तरंगाचा आकार भरता येणारी वाहिनी त्याची जागा घेते. संगीतकार कोजी कोंदोंच्या चालीचा तोल त्या खर्जावर आहे आणि यंत्राच्या चिमुकल्या स्पीकरमध्ये तो जवळजवळ नाहीसा होतो. स्पीकरवर ऐकून 'संगीत पातळ झालं' असं लिहिलेलं वाचलं की वाईट वाटतं, कारण हेडफोनमध्ये ते भरदार आहे.

निकाल मी आकड्यात देत नाही. ज्याने मूळ खेळ कधीच खेळला नाही, त्याला हे पहिलं दर्शन म्हणून मी सुचवत नाही. त्याने आधी मोठ्या स्क्रीनवर, ६० फ्रेमच्या वेगाने खेळावं. ज्याला लेव्हल पाठ आहेत, त्याने चॅलेंजसाठी अस्सल कॅसेट जरूर घ्यावी, पण सेव्ह रात्रभर टिकतं हे विकणाऱ्यासमोर पैसे देण्याआधीच ठरवून. आणि एसपीवर खेळता येत असेल तर एसपीवरच.