जुने टर्बो सी प्रोग्रॅम लिनक्सवर : आठवडा तिसरा

भो, या आठवड्यात गाडी खरंच पुढे सरकली. मे महिन्यात जळगावात दिवसा लॅपटॉप मांडीवर घेववत नाही, म्हणून रात्री जेवण झालं की गच्चीवर बसून काम चालू आहे.

नवीन मंडळींसाठी सांगतो, कॉलेजपासूनचे टर्बो सीतले (डॉसवरचा जुना सी कंपायलर) सगळे सी प्रोग्रॅम जुन्या हार्डडिस्कवर होते ते जीसीसीत, म्हणजे लिनक्सवरच्या कंपायलरमध्ये, कंपाईल करायचेत. कोनिओ डॉट एच ही डॉसपुरती हेडर फाईल आणि तिच्यातलं स्क्रीन पुसणारं क्लियरस्क्रीन काढायचं, व्हॉइड मेनचं इंट मेन करायचं, बस.

आधी फाईलीच पूर्ण सापडेनात. डॉसच्या काळातल्या फाईलींचं एक्स्टेन्शन कॅपिटल सी, आणि फाईली शोधणाऱ्या फाइंड कमांडचं नेम कॅपिटल-स्मॉल वेगळं धरतं. त्याऐवजी दोन्ही सारखं धरणारं आयनेम लावल्यावर सगळ्या आल्या. पण तेवढ्यावर भागत नाही, कॅपिटल सी दिसलं की जीसीसी ती फाईल सी प्लस प्लस समजतं, त्यामुळे नावंही बदलून घेतली.

मग खरा घोळ. आप्पांच्या केळीच्या हिशोबाचा फोल्डर आहे 'कांदे बाग' (केळी लागवडीचा एक हंगाम), नावाच्या मध्ये स्पेस. फाइंडचं आउटपुट सरळ एक्सआर्ग्जला (आलेली नावं पुढच्या कमांडला देणारी कमांड) दिलं तर त्याने स्पेसवर तोडलं, आणि एरर आली की 'कांदे' नावाचं काही नाही, 'बाग' पासूनचा उरलेला पाथही नाही. उपाय म्हणजे फाइंडला मायनस प्रिंट झिरो आणि एक्सआर्ग्जला मायनस झिरो. मग दोन नावांच्या मध्ये नल कॅरेक्टर येतं आणि ते फाईलीच्या नावात कधी असूच शकत नाही, म्हणून हे पक्कं.

यावेळी सगळ्यात मोलाची गोष्ट तारखांची शिकलो. सेड (फाईलीतला मजकूर बदलणारी कमांड) मायनस आय ज्या फाईलीत बदल करायचं काहीच नाही तीही नव्याने लिहितं, म्हणजे तिची तारीख आजची होते. मला त्या जुन्या तारखा जपायच्यात, कुठला प्रोग्रॅम कुठल्या सेमिस्टरचा ते त्यावरूनच कळतं. नशीब मूळ फोल्डर तारखा जपणाऱ्या सीपी मायनस ए ने आधीच कॉपी केला होता, सीपी नुसतं चालवलं असतं तर कॉपीवरही आजचीच तारीख पडली असती. आता आधी ग्रेप (मजकूर शोधणारी कमांड) मायनस एल कॅपिटल झेड ने कोनिओ असलेल्याच फाईलींची नावं, मध्ये नल घालून, मिळवतो, त्याच एक्सआर्ग्जमधून सेडला देतो, बाकीच्यांना हात लागत नाही. आणि सेडच्या आधी इको (कमांड न चालवता नुसती छापून दाखवतं) लावून एकदा वाचून घेतो की कमांड नेमकी काय जाणार आहे, हे कराच.

आता ग्राफिक्स डॉट एच (टर्बो सीची चित्रं काढायची हेडर) वाल्या फाईली उरल्यात. त्या सेडने होणाऱ्या नाहीत, एकेक उघडून बघाव्या लागतील, शनिवारी रात्री बसतो.