ट्रेलर-शोध, नोंद ४: ओडोमीटर नसलेली गाडी

बजेट तेच, १२ हजार डॉलर. लांबी २२ फुटांपर्यंत. आणि हिची अट तीच: आत उभं राहून पोळ्या लाटता येतील एवढा ओटा हवा. मिशिगनमधला बर्फ वितळला तसे लोकांच्या घरामागचे जुने ट्रॅव्हल ट्रेलर (पिकअपमागे ओढून न्यायची फिरती घरं) विक्रीला बाहेर यायला लागलेत. या महिन्यात तीन पाहिले. दोन सोडले, तिसऱ्याचं घोंगडं अजून भिजत पडलंय.

जुनी कार घेताना आपण आधी ओडोमीटर बघतो. ट्रेलरला तो नसतोच. विकणारा म्हणतो, "फक्त चार-पाचदाच बाहेर नेलाय." ते खरं की खोटं हे कळायला मार्ग नाही, आणि खरं निघालं तर काळजी वाढते. ट्रेलर धावून जेवढा झिजतो त्याहून उभा राहून जास्त बिघडतो.

पहिला ट्रेलर २०१६चा, एका निवृत्त गृहस्थांचा. बाहेरून लखलखीत. टायरची नक्षी अगदी नव्यासारखी. मी गुडघ्यावर बसून टायरच्या बाजूवरचा डॉट कोड (टायर कधी बनला ते सांगणारा) वाचला: शेवटचे चार आकडे १८१६, म्हणजे २०१६चा अठरावा आठवडा. मूळचेच टायर! बाजूच्या रबराला उन्हाळ्यात टाचांना पडतात तशा भेगा. ट्रेलरचे टायर नक्षी झिजायच्या आधी उन्हाने आणि वयाने मरतात. पाच-सहा वर्षं झाली की बदलायचेच, असं मी धरून चालतो. पाचव्या, म्हणजे स्टेपनीच्या टायरचाही कोड वाचा. तो बहुतेक सगळे विसरतात.

मग जॅक लावून चाक उचललं. वर-खाली धरून हलवलं तर किंचित खेळ, फिरवलं तर बारीक खरखर. बेअरिंग दर वर्षी किंवा १२ हजार मैलांनी उघडून, धुऊन, नवं ग्रीस भरायचं असतं. आजोबांनी ती कधीच उघडली नव्हती. पण दर वसंतात न चुकता हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) रबरी टोपीतून ग्रीसगनने ग्रीस मात्र मारलं होतं. चाक न फिरवता, जोरात. त्याने मागचं सील फुटलं आणि ग्रीस थेट ब्रेकच्या लायनरवर (ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या अस्तरावर) गेलं. चाकाच्या आतल्या बाजूला काळे ओघळ दिसले तेव्हाच शंका आली होती. ग्रीस प्यायलेले लायनर धुऊन कामाचे राहत नाहीत, अख्खी असेंब्लीच बदलावी लागते. मायेने मारलेले ब्रेक! आजोबांना हे सांगायला जिवावर आलं.

ब्रेकबद्दल थोडं सविस्तर, कारण माझ्या मते इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. हे ब्रेक विजेवर चालतात: पिकअपमधल्या कंट्रोलरकडून करंट येतो, ड्रमच्या आतला लोहचुंबक ओढला जातो आणि लायनर दाबले जातात. म्हणजे ते मोजता येतात. दहा इंची ड्रमचा एक ब्रेक सुमारे ३ अँपिअर घेतो, चार चाकांचे मिळून १२. पहिल्या ट्रेलरवर आकडा आला ६. दोन चाकं नुसतीच सोबतीला फिरत होती. अशा वेळी बहुधा ॲक्सलच्या नळीतून जाणारी वायर घासून तुटलेली असते. शेवटी पिकअपचा प्लग काढून ब्रेकअवे स्विचची (ट्रेलर पिकअपपासून सुटला तर त्याच्याच बॅटरीवर ब्रेक लावणाऱ्या स्विचची) पिन ओढायची: चाकं जाम झाली पाहिजेत. झाली नाहीत तर आधी ट्रेलरची बॅटरी तपासा.

दुसरा ट्रेलर चालत्या भागांत बरा होता. शॅकलची (स्प्रिंगांना जोडणाऱ्या पट्ट्यांची) भोकंही गोल होती. (नायलॉनचं बुश झिजलं की ती लांबुळकी होतात, दिव्याच्या उजेडात बघा.) फ्रिज आदल्या रात्रीच सुरू करून ठेवायला सांगितलं होतं. या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नसतो, उष्णतेने अमोनिया खेळवून तो थंड होतो, म्हणून त्याला तास न् तास लागतात. अर्ध्या तासात "बघा, गार होतोय" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मागची जाळी काढून हुंगा: अमोनियाचा वास किंवा पिवळी भुकटी दिसली की कूलिंग युनिट गेलं. इथे तसं काही नव्हतं. हीटर मात्र पेटेना. पंखा फिरतोय, ज्योत नाही. बाहेरच्या नळीत टॉर्च मारला तर कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं! गावच्या खिडकीत बांधते तसंच. ते काढलं, हीटर पेटला. मी खूश.

मग पाणी जोडलं. पंप सुरू करून सगळे नळ बंद केले की पंपाने गप्प बसलं पाहिजे. हा दर अर्ध्या मिनिटाला गुरगुरायचा. कुठेतरी पाणी जातंय. टॉयलेटमागे हिवाळ्यात गोठून तडकलेला जोड सापडला. जोड बदलायला फार खर्च नाही, पण शेजारी पाय टाकला तर फरशी दबली. प्लायवूड कुजलं होतं. नमस्कार केला आणि निघालो.

तिसरा २०१४चा, २० फुटी. ब्रेक साडेअकरा अँपिअर, बेअरिंगच्या कामाची गेल्या वर्षीची पावती, छताच्या सांध्यांवर ताजं सीलंट. वॉटर हीटर पोलादी टाकीचा; अ‍ॅनोड रॉड (टाकीऐवजी स्वतः गंजणारी दांडी) खोलला तर निम्मा शिल्लक, म्हणजे कुणीतरी तो बदलत आलंय. दोष एकच सापडला: बाहेरची वीज जोडली तरी बॅटरीवर १२.४ व्होल्टच. कन्व्हर्टर (बाहेरच्या विजेवर बॅटरी चार्ज करणारा) चालू असता तर १३.६च्या आसपास दिसायला हवे होते. फ्यूज असेल, नाहीतर कन्व्हर्टरच. मालक ११,५०० सांगतोय.

अडलंय ते पाण्यापाशी. पाइपांत अजून हिवाळ्याचं गुलाबी अँटिफ्रीझ (पाइप गोठून फुटू नयेत म्हणून भरलेलं) आहे आणि रात्री पारा शून्याखाली जातो, म्हणून मालक पाणी जोडू देत नाही. "सगळं ठीक आहे" म्हणतो. असेलही. पण दुसऱ्या ट्रेलरचा पंप अजून कानात गुरगुरतोय. दंव थांबलं की प्रेशर रेग्युलेटर आणि माझी स्वतःची होज घेऊन पुन्हा जाणार, तोवर विसार नाही.

हिने मात्र पिशवीतून पोळपाट काढून ओट्यावर ठेवून बघितला. बसतो.