बिग ड्रमचं म्हातारपण

बिग ड्रम वाजवायचा कसा, हे आपल्या शाळेच्या बँडने आपल्याला शिकवलं. तो थकल्यावर जपायचा कसा, हे विद्यापीठाच्या अभिलेखागारात कळतं. तिथे ठेवलेल्या संचलनाच्या जुन्या ड्रमविषयी इथे लिहितो, कारण शाळेच्या बँडखोलीतल्या वाद्यांनाही हेच लागू पडतं.

जुन्या ड्रमला दोन्ही बाजूंनी वासराच्या कातड्याचं पान असतं. पानं धरून ठेवणाऱ्या दोन कड्यांमधून दोरी नागमोडी ओवलेली, तिच्यावर चामड्याचे सरकते पट्टे. पट्टा ओढला की दोरीचे दोन पदर जवळ येतात आणि पान ताणलं जातं. कातडं दमट हवेत सैलावतं, कोरड्या हवेत आक्रसतं. घट्ट बांधलेलं पान आक्रसलं की कड्यापाशी फाटतं, नाहीतर ड्रमचं लाकडी पिंपच, म्हणजे दोन पानांमधलं गोल अंगच, वाकडं करतं.

म्हणून ड्रम ठेवणीत टाकताना पट्टे थोडे थोडे मागे सरकवायचे, समोरासमोरचे आळीपाळीने. एकाच बाजूचे सोडले तर कडं तिरकं होतं. पण दोरी पार सोडायची नाही. मोकळं पडलेलं कातडं सुरकुततं आणि पुन्हा पिंपावर नीट बसत नाही. पान सपाट राहील एवढा ताण हवाच. हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असावी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती वरखाली होऊ नये.

पट्ट्यांतून लालसर भुकटी गळू लागली तर तेल लावू नका. ती झीज भरून येत नाही. तेलाने पट्टा काळवंडतो, धूळ धरतो. असा पट्टा सरकवूही नका, हातात तुटून येतो. पिंपावरच्या रंगीत बोधचिन्हाला ओलं फडकं नको. रंगाचे पोपडे सुटत नसतील तरच मऊ ब्रश फिरवावा.

पानाच्या मध्यावरचा काळपट गोल मळ समजून पुसला जातो, याचं फार वाईट वाटतं. वर्षानुवर्षं टोला नेमका कुठे पडत होता, याची ती खूण आहे. ती तशीच राहू द्यावी.

ड्रम दोघांनी उचलावा, पिंपाला धरून; दोरीला धरून कधीच नाही. पानावर आडवा न ठेवता फोमच्या खोबणीत पिंपावर टेकवावा. नोंद क्रमांकाची चिठ्ठी सुती फितीने बांधावी, चिकटपट्टीचा डाग कातड्यात मुरतो. ड्रम वाजवायचं नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, टिपरू वेगळ्या डब्यात ठेवावं, कारण नमद्याला लागलेली कसर पुढे कातडंही खाते. आणि समारंभात वाजवायला दुसरा ड्रम घ्यावा.