मराठी आपलीच, पण विचारायचं कुणाला?

आज लंचला ऑफिसात मज्जा आली. आमचा तमिळ कलीग सध्या जोरात मराठी शिकतोय, त्याने विचारलं की 'मी छत्री आणली' म्हणता तर मग 'मी छत्री विसरलो' का, 'विसरली' का नाही? टेबलावर सगळे जन्मजात मराठी आणि सगळे गप्प! शेवटी एकाने ठोकून दिलं, "अरे तसंच असतं रे". बरं आणायला कर्मणी प्रयोग लागतो, क्रियापद छत्रीच्या मागे जातं, पण विसरणे, शिकणे, बोलणे ही मंडळी कर्म असूनही कर्त्यालाच धरून राहतात, हे आपण कधी चुकत नाही पण सांगताही येत नाही.

मग सुरू झालं खरं भांडण. कोल्हापूरची मैत्रीण म्हणाली "चल मी येतो", तर पुण्याचे एक साहेब लगेच "येते म्हण, येते". अरे बाबा, तिच्याकडे बायका असंच बोलतात, ती तिच्या मराठीची एक्सपर्ट आहे आणि तू तुझ्या पेठेचा. नागपूरवाला मध्येच "काय करून राहिले बे तुम्ही" म्हणाला तेव्हा साहेबांचा घासच अडकला 😂

आणि गंमत बघा, आपण अजून जुना शब्द अडला की मोल्सवर्थ उघडतो, 1831 ची डिक्शनरी, करणारा इंग्रज लष्करी अधिकारी. अर्थात त्याने एतद्देशीय पंडितांना हाताशी धरलं होतं, पण एकाच पंडिताला विचारून थांबला नाही. तमिळ भाऊ उद्या 'मी पाणी प्यायलो की प्यायलं' विचारणारे, डबा घेऊन लवकर या.